नावापुरती जमीन

आपल्याकडे एखाद्याने जमीन घेतल्याचे कळले म्हणजे ऐकणारा पहिल्याने किती एकर ते विचारतो आणि मग, आवाज किंचित खाली आणून, ती कोणाच्या नावावर घेतली ते विचारतो. पैसा मोजणारा इसम निराळा आणि खरेदीखतात ज्याचे नाव येते तो निराळा असू शकतो, हे या देशातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पत्नीच्या नावावर राहते घर, धाकट्या भावाच्या नावावर विहिरीखालचे रान, मेव्हण्याच्या नावावर पिठाची गिरणी, असा व्यवहार आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून, त्याला फारसीतून आलेला ‘बेनामी’ हा शब्द आज जरी संशयाने उच्चारला जात असला, तरी शंभर वर्षांपूर्वी त्याला लबाडीचा वास येतच असे, असे नाही. १८५४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे बंगालमधील गोसाईं कुटुंबाचा एक कज्जा गेला असता, बापाने स्वतःच्या पैशाने मुलाच्या नावे घेतलेली मिळकत इंग्लंडात जरी मुलाला दिलेली देणगी समजली जात असली, तरी हिंदुस्थानात ती बापाचीच समजावी, कारण या लोकांत दुसऱ्याच्या नावाने खरेदी करण्याचा परिपाठच आहे, अशा आशयाचा निर्णय तेथील न्यायमूर्तींनी दिला. आणि नवऱ्याने बायकोचे नाव घालून ठेवलेल्या एका ठेवीला १९२८ साली पुन्हा तोच न्याय लावला गेला. नाव हे आपल्याकडे मिळकतीवर घातलेले पांघरूण होते. पांघरुणाखाली कोण निजला आहे ते घरातल्या सर्वांना ठाऊक असे.

पांघरुणाविषयीची ही समजूत गाठीशी बांधून विसाव्या शतकाच्या आरंभी काही हजार पंजाबी शेतकरी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. जालंदर, होशियारपूर, लुधियाना या जिल्ह्यांतले हे लोक. बहुतेक शीख, काही मुसलमान, हिंदू अगदी थोडे. पण अमेरिकन माणसाच्या लेखी सगळेच ‘हिंदू’. कॅलिफोर्नियातील या मंडळींची आठवण मराठी वाचकाला गदर पक्षाच्या संदर्भात येते, कारण लाहोरला १९१५च्या नोव्हेंबरात फाशी गेलेले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे दोघे त्याच किनाऱ्यावरून त्या चळवळीत आले होते. मात्र ज्यांच्या वर्गणीवर त्या पक्षाचा सॅन फ्रान्सिस्कोतील छापखाना चालला, त्या शेतमजुरांचे आणि कुळांचे पुढे काय झाले, त्यांनी कोणाशी संसार मांडले आणि त्या संसारांच्या आधाराने जमिनी कशा केल्या, ही हकीकत क्रांतीच्या इतिहासात बसत नाही म्हणून मागे पडली. मला ती अधिक शिकवणारी वाटते.

ती घडली मुख्यतः इम्पीरिअल व्हॅलीत. कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून, समुद्रसपाटीच्याही खाली खचलेला हा खोलगट मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निव्वळ वाळवंट होता. १९०१ साली कोलोरॅडो नदीचे पाणी पाटाने तेथे आणले गेले. १९०५ साली नदीने तो पाट फोडून आपला सगळा प्रवाहच त्या खळग्यात लोटला आणि दोन वर्षे कोणाचे काही चालू न देता एक खारट समुद्र मागे ठेवून ती पुन्हा पात्रात गेली. आणि तरीही त्या गाळावर कापूस, खरबूज, लसूणघास आणि पुढे लेट्यूसची भाजी अशी काही पिकू लागली की दूरदूरचे लोक एल सेंट्रो, ब्रॉली, होल्टव्हिल, कॅलेक्सिको या नव्या गावांकडे धावले. उन्हाळ्यात पारा एकशे दहा अंशांच्या वर जाई. गोरा मजूर टिकत नसे. पंजाबी टिकला, कारण त्याला ते काही नवे नव्हते; चिनाब नदीच्या कालव्याने लायलपूरच्या बाजूची ओसाड भुई हिरवी झालेली त्यांच्यापैकी कित्येकांनी पाहिली होती, आणि पाटाच्या पाण्याची पाळी आली की मध्यरात्री फावडे घेऊन बांधावर उभे राहायचे असते हे त्यांना जन्मतःच ठाऊक होते. आपल्याकडच्या पाटकऱ्याला तेथे ‘झांहेरो’ हे स्पॅनिश नाव होते, एवढाच काय तो फरक.

जमीन मिळण्यासारखी होती, कसणारे हात होते, पैसाही चार हंगामांत जमे. आडवा आला तो कायदा. १९१३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असे ठरवले की जो परदेशी मनुष्य अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र आहे त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही, आणि खंडाने घ्यावयाची झाल्यास तीन वर्षांवर घेता येणार नाही. रोख होता जपानी शेतकऱ्यांवर. १९२० साली लोकमताने हा कायदा आणखी आवळण्यात आला व खंडाची वाटही बंद झाली. १९२३ साली बटाईसुद्धा निषिद्ध ठरली. पंजाबी मनुष्य मात्र अपात्र आहे की नाही याविषयी पुष्कळ काळ संदिग्धता होती, कारण नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसाला देता येते असे अमेरिकन कायदा सांगे आणि उत्तर हिंदुस्थानातले लोक वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे आर्य, म्हणजे पर्यायाने गोरेच, असा युक्तिवाद काही न्यायाधीशांना पटलाही होता. ती संदिग्धता फेब्रुवारी १९२३ मध्ये संपली. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ पंडितांच्या ग्रंथांत पाहायचा नसून सामान्य माणसाच्या बोलण्यात पाहायचा, आणि सामान्य माणूस हिंदूला गोरा म्हणत नाही, असा निकाल दिला. ज्या शास्त्रावर आपल्या लोकांनी मोठ्या विश्वासाने भार टाकला होता ते शास्त्र एका दिवसात निरुपयोगी झाले. मला येथे हेही नमूद करावेसे वाटते की आपण आर्य आहोत, चिनी किंवा हबशी नव्हेत, असे सांगून दार उघडून घेण्याचा तो प्रयत्न फारसा स्पृहणीय नव्हता.

ज्याच्यासाठी कायद्याचे दार बंद होते त्याने नावाची खिडकी शोधली, आणि ती प्रथम जपान्यांनी शोधली. इम्पीरिअलच्या वायव्येस असलेल्या रिव्हरसाइड शहरात जुकिची हराडा नावाचा एक खाणावळवाला राहत असे. भाड्याच्या कोंदट जागेत त्याचा मुलगा घटसर्पाने दगावला, तेव्हा १९१५च्या डिसेंबरात त्याने लेमन स्ट्रीट या रस्त्यावर एक लहानसे घर घेतले आणि ते आपल्या अमेरिकेत जन्मलेल्या तीन अजाण लेकरांच्या, मिने, सुमी आणि योशिझो यांच्या नावावर केले. शेजाऱ्यांनी आधी जास्त किंमत देऊ करून घर परत मागितले. तो ऐकेना, तेव्हा प्रकरण सरकारपर्यंत नेले. १९१८ साली न्यायाधीश ह्यू क्रेग यांनी निकाल दिला तो असा, की मुले या भूमीवर जन्मली म्हणून नागरिक आहेत आणि नागरिकाची मिळकत त्याचा बाप कोण आहे हे पाहून काढून घेता येत नाही. घर राहिले. पुढे महायुद्धात हराडा दांपत्याला इतर जपान्यांबरोबर यूटाच्या वाळवंटातील छावणीत नेण्यात आले, तेथेच ती दोघे वारली, आणि सुमी परत आली ती ह्याच घरात. आपल्या नावावर काय आहे हे कळण्याचेही वय नसताना जिच्या नावावर ते झाले होते, तिने त्याचा दरवाजा पुन्हा उघडला.

पंजाब्यांना मुले नव्हती, बायकाच नव्हत्या. ज्यांच्या होत्या त्या गावी राहिलेल्या, आणि १९१७च्या कायद्याने आशियातून येण्याची वाटच बुजलेली. त्या सुमारास मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीतून बाहेर पडलेली कुटुंबे सरहद्द ओलांडून कापूस वेचायला येऊ लागली होती, आणि पंजाब्याने खंडाने केलेल्या शेतात त्या कुटुंबातल्या मुली काम करू लागल्या. १९१६-१७पासून लग्ने होऊ लागली. वर्णसंकरास प्रतिबंध करणारा कायदा कॅलिफोर्नियात होताच. पण परवाना देणाऱ्या कारकुनापुढे जेव्हा एक सावळा पुरुष आणि एक सावळी स्त्री येऊन उभी राही, तेव्हा तो मान वर करून दोघांच्या चेहऱ्यांकडे पाही, वर्णाच्या रकान्यात दोन्हीकडे एकच शब्द लिही आणि शिक्का मारी. वर पस्तिशी-चाळिशीचा, वधू पुष्कळदा विशीचीही नाही. एका बहिणीचे लग्न झाले की दुसरी बहीण नवऱ्याच्या भागीदाराला दिली जाई, म्हणजे एकाच शेतातल्या दोन भागीदारांची नाती साडूची होत. घरात स्पॅनिश बोलली जाई, चुलीवर तोर्तिया आणि रोटी यांच्यातले अंतर फारसे उरत नसे, मुलांचे बाप्तिस्मे कॅथलिक देवळात होत आणि त्यांची नावे होत होसे, मारिया, आडनाव सिंग. पुरुषांचीही नावे तेथे पालटत. इंदरसिंगाला सासुरवाडीची मंडळी आंद्रेस म्हणू लागत.

या लग्नांविषयी पुढे एक प्रवाद पसरला आणि तो खुद्द त्या दरीतही अजून सांगितला जातो, की पंजाब्यांनी मेक्सिकन बायका केल्या त्या जमिनीसाठी. मेक्सिकन स्त्री नागरिकत्वास पात्र, म्हणून तिच्या नावावर खरेदी, आणि खरेदीसाठी लग्न. प्रवाद सोपा आहे म्हणून टिकला. कालक्रमाशी तो जुळत नाही. थिंद निकालाने पंजाबी अपात्र ठरला १९२३ साली, लग्ने त्याच्या सहा-सात वर्षे आधीपासून चालू होती. शिवाय अमेरिकेचा १९०७चा कायदा असा की परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावते. १९२२ साली तो ढिला करण्यात आला, पण नागरिकत्वास अपात्र अशा माणसाची बायको ह्या सवलतीतून नेमकी वगळली गेली, आणि अशा माणसाचा संसार चालू असेपर्यंत परदेशी स्त्रीलाही नवे नागरिकत्व मिळणार नाही असे कलम घातले गेले. १९३१पर्यंत हे असेच होते. म्हणजे जिच्या नावाचा आडोसा घ्यावयाचा, तिचे नाव लग्नाच्या क्षणीच कच्चे होऊन बसे. जमिनीसाठी लग्न करणाऱ्याने याहून वाईट सौदा शोधून काढला नसता. माणसे एकटी होती, परक्या देशात म्हातारी होत चालली होती, आणि दुपारी भाकर घेऊन येणारी मुलगी बरी दिसली. इतिहासकाराला एवढे कारण पुरेसे वाटत नाही, हा इतिहासकाराचा दोष.

परंतु लग्न प्रेमापोटी झाले तरी जमीन आल्यावर कायदा घरात आलाच. त्याची एकंदर मेख अशी होती. १९२०च्या कायद्याने ठरवले होते की अपात्र माणसाने पैसे दिले आणि खरेदीखत दुसऱ्याच्या नावे झाले, तर कायद्याला बगल देण्याचाच हा बेत आहे असे प्रथमदर्शनी धरले जाईल. आणि तसे शाबीत झाल्यास जमीन सरकारजमा. म्हणून नवऱ्याला जगाला असे सांगावे लागे की हे पैसे मी बायकोला देऊन टाकले, जमीन खरोखर तिची आहे, माझा तिच्यावर काडीचा हक्क नाही. हे सांगणे त्याला सोपे वाटे, कारण गावाकडच्या समजुतीप्रमाणे ते बोलायचेच असते. पांघरुणाखाली कोण आहे ते घरच्यांना ठाऊकच आहे. पण कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेत १८८९ सालापासून आणखी एक वाक्य बसलेले होते, की विवाहित स्त्रीला लेखी दस्ताने जी मिळकत मिळाली ती तिची स्वतःची, नवऱ्याच्या हिश्श्यापासून मुक्त अशी समजावी. आपल्या धर्मशास्त्रातील स्त्रीधनाची आठवण व्हावी असे हे कलम. पुढे बेबनाव झाला आणि नवरा कोर्टात जाऊन म्हणू लागला की पैसे माझे होते, नाव फक्त तिचे होते, तर त्या कैफियतीचे प्रत्येक वाक्य हा त्याच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब होई. सरकारपासून जमीन वाचवायची तर ती खरोखर बायकोची असली पाहिजे, आणि बायकोपासून वाचवायची तर ती खरोखर आपली असली पाहिजे. दोन्ही एकदम शक्य नव्हते. प्रिव्ही कौन्सिलने ज्याला परिपाठ म्हटले होते त्याला येथे कारस्थान म्हणत.

आणि बेबनाव होत. वयाचे अंतर, भाषेचे अंतर, घरी सतत येऊन जेवणारे आणि सल्ला देणारे नवऱ्याचे अविवाहित भागीदार, ज्यांची उष्टी काढता काढता बाईचा जीव मेटाकुटीस येई. घटस्फोटासाठी अर्ज करण्यास मेक्सिकन स्त्री कचरत नसे, आणि कोर्ट तिचे ऐकते हे पाहून पंजाबी पुरुष प्रथम चकित आणि मग संतप्त होई. मुलखातील जुन्या गप्पांत ‘बायकोने जमीन लुबाडली’ अशा गोष्टी पुष्कळ आहेत. मात्र त्या सांगणारे सगळे पुरुष आहेत हे ध्यानात ठेवून त्या ऐकाव्या लागतात. बाईने गमावलेले कोणी गोष्टीत घातले नाही. लग्नाबरोबर तिचे नागरिकत्व किंवा ते मिळण्याची आशा गेली. ज्या पुरुषाबरोबर तिने पंधरा वर्षे कापूस वेचला, त्याची पहिली बायको जालंदरकडच्या एखाद्या खेड्यात जिवंत असल्याचे निष्पन्न झाले तर तिचे लग्नच बेकायदा, आणि मग खरेदीखतावर नाव नसेल तर ती निव्वळ घरकाम करणारी बाई. नाव असेल तर तेवढेच काय ते तिच्या हाती. तिने ते घट्ट धरले तर नवल कसले?

शिवाय नाव देणारी केवळ बायकोच असे, असे नाही. कित्येकांनी गोऱ्या ओळखीच्या माणसाच्या नावाने करार केले आणि पिकाचा पैसा हाती येईपर्यंत त्याच्या इमानावर सोडला. १९२५ साली पाखरसिंग नावाच्या शेतकऱ्याने आपल्या दोन गोऱ्या भागीदारांचा खून केला, त्याचे मूळ लेट्यूसच्या पिकात होते. ते पीक त्याने काढले, पण दस्तात तो कोठेच नसल्याने पैशावर हक्क सांगायला त्याच्यापाशी कागद नव्हता. तो तुरुंगात गेला, आणि दरीतील गोऱ्या लोकांनाही त्याच्याविषयी काहीशी कणव वाटली असे म्हणतात, कारण तो जे करीत होता तेच शेकडो लोक करीत होते हे त्यांना माहीत होते. नवल एवढेच, की बायकोने फसवल्यावर गोष्ट होते आणि भागीदाराने फसवल्यावर खटला होतो.

या गुंत्यातून एकच मनुष्य कायद्याच्याच हातांनी सुटला, आणि तो वकील होता. सखाराम गणेश पंडित हे नाव वाचून कोणीही त्याला पुण्या-साताऱ्याकडचा ठरवील. जन्माने तो अहमदाबादचा. १९१४ साली त्याला अमेरिकन नागरिकत्व मिळाले, पुढे त्याने कॅलिफोर्नियात वकिली सुरू केली, लिलियन नावाच्या गोऱ्या अमेरिकन स्त्रीशी लग्न केले, आणि थिंदचे वकीलपत्र घेऊन तो खटला लढला व हरला तोही हाच. निकालानंतर सरकारने, पूर्वी ज्या थोड्या हिंदी लोकांना नागरिकत्व दिले होते ते चुकून दिले गेले असे म्हणून एकामागून एक परत घेण्यास सुरुवात केली. पेशावरचे वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व असेच गेले, त्यापाठोपाठ घरदार आणि दुकान गेले, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. पंडिताचीही पाळी आली, तेव्हा त्याने कोर्टाला आपल्या त्वचेविषयी काही सांगितले नाही. सांगितले ते असे: तुमच्या दाखल्यावर भिस्त ठेवून मी वकील झालो, घर घेतले, संसार केला; माझ्या बायकोने याच इम्पीरिअल भागात वहिवाटीच्या अटीवर सरकारी जमीन मिळवली आहे; माझे नागरिकत्व काढाल तर कायद्याप्रमाणे तिचेही जाईल आणि तिच्याबरोबर ती जमीन जाईल; १९१४ साली सरकारला हरकत घेण्याची संधी होती, तेव्हा जे ठरले ते ठरले. १९२६ साली वरिष्ठ न्यायालयाने हे मान्य केले, एकदा निर्णित झालेला वाद पुन्हा उकरता येत नाही म्हणून. आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्याचे नाकारले. थिंदच्या बाजूने आर्यवंशाचा पुरावा हरला, आणि पंडिताच्या बाजूने बायकोची जमीन जिंकली. कोर्टात कोणते हत्यार चालेल ते आधी सांगता येत नाही असे वकील म्हणतात, ते यासाठी.

बायकोचे नाव कच्चे, गोऱ्या मित्राचे नाव बेभरवशाचे, म्हणून पंजाबीही अखेर जपान्यांच्या वाटेने मुलांकडे वळले. १९२०च्या कायद्याने अपात्र बापाला मुलाच्या मिळकतीचा पालक होण्यासही मनाई केली होती, पण १९२२ साली यानो नावाच्या एका चिमुरड्या जपानी मुलीच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली होती. मध्यंतरी १९३३ साली इम्पीरिअलमध्ये पंजाबी आणि त्यांचे गोरे सहकारी यांनी नावापुरत्या कंपन्या काढून कायदा चुकवला असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. पुढल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती कार्डोझो यांनी एका जपान्याच्या खटल्यात, आपण अपात्र नाही हे शाबीत करण्याचा बोजा आरोपीवर टाकता येत नाही असे सांगितल्यावर त्या आरोपांचा जोर ओसरला. त्यानंतर पंजाबी बाप कोर्टात जाऊन आपल्याच मुलाचा पालक नेमून घेऊ लागला. आपल्या जुन्या सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे असतात, अज्ञान पालन कर्ता; तलाठ्याच्या त्या तीन अक्षरांत पंजाबी शेतकऱ्याचे सारे आयुष्य मावले असते. नांगर त्याचा, घाम त्याचा, कर्ज त्याचे; मालक पाच वर्षांचा होसे सिंग, ज्याच्या वतीने बाप कोर्टाला हिशेब सादर करी. मुलगा सज्ञान झाला की अक्षरे निघत आणि बाप उरे. काही मुलांनी बापाला सांभाळले, काहींनी विकून टाकले.

याच मुलखाला लागून सरहद्दीपलीकडे मेक्सिकाली आहे. तेथे १९१७च्या मेक्सिकन संविधानाने सरहद्दीपासून १०० आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी नाकारली, ती आजही नाकारलेली आहे. त्यामुळे ज्यांच्या आजोबांनी पंजाब्याला एकरभर जमीन घेऊ दिली नाही असे कॅलिफोर्नियातील लोक आज एन्सेनाडाच्या समुद्राकाठी सुटीचे घर घेऊ पाहतात तेव्हा त्यांना बँकेच्या नावाने विश्वस्त दस्त करावा लागतो. आणि ज्याला तेवढी यातायात नको असते तो तेथील प्रेयसीच्या नावाने खरेदी करतो व नावाची तीच जुनी गोष्ट नव्याने शिकतो. आपल्याकडेही १९८८च्या बेनामी कायद्याने बायकोच्या नावाची खरेदी वगळली, पण वगळताना, उलट शाबीत होईपर्यंत ती तिच्याच हिताची समजावी असे वाक्य घातले. कॅलिफोर्नियाच्या १८८९च्या कलमापाशी यायला आपल्याला ९९ वर्षे लागली.

१९४६च्या जुलैत हिंदी लोकांना अमेरिकन नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला आणि वर्षाला १०० जणांना येण्याची परवानगी मिळाली. नावांची गरज संपली, तसे जुने हिशेब वर आले. म्हातारे पंजाबी एकेक करून वारू लागले होते, आणि त्यांच्या मागे राहिलेल्यावर हक्क सांगणारी पत्रे होशियारपूर-जालंदरहून येऊ लागली. दलीपसिंग बीर नावाचा एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे थोडासा पैसा. त्यावर पंजाबातून दोन विधवांनी दावा केला, दोघीही पन्नासेक वर्षांपूर्वी रीतीप्रमाणे लग्न लागलेल्या, दोघीही त्याच्याच. खालच्या कोर्टाने, एका पुरुषाला एकच बायको असते, तेव्हा पहिली कोण ते आधी ठरवा, असे म्हटले. १९४८ साली वरच्या कोर्टाने ते फिरवले: मेलेला माणूस काही दोघींबरोबर कॅलिफोर्नियात संसार थाटायला निघालेला नाही, दोघींचे आपसांत भांडण नाही, पैसा दोघींना निम्मा निम्मा द्यावा. ज्या राज्याने त्या माणसाला हयातीत स्वतःच्या नावावर शेताचा तुकडा घेऊ दिला नव्हता, त्या राज्याने त्याच्या मृत्यूनंतर, कधीही न पाहिलेल्या दोन म्हाताऱ्यांची नावे आपल्या हुकूमनाम्यात शेजारी शेजारी लिहिली.

जमिनीचा कायदा १९५२ साली कोर्टाने घटनाबाह्य ठरवला, तरी पुस्तकात तो तसाच छापलेला राहिला. तो काढण्याचा प्रश्न १९५६च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे आला. इम्पीरिअल आणि रिव्हरसाइड या दोन जिल्ह्यांत मिळून काँग्रेसच्या एका जागेसाठी त्याच दिवशी मतदान होते आणि उमेदवार होते दलीपसिंग सौंद. अमृतसर जिल्ह्यातले, बर्कलीला गणितात डॉक्टरेट केलेले, आणि ती पदवी घेऊन कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादमी करण्यासाठी या दरीत उतरलेले. वेस्टमोरलंडला त्यांनी वीसेक वर्षे शेती केली होती, आणि त्यांतली बरीच वर्षे स्वतःच्या नावाने खंडाचा साधा करार करण्याचीही त्यांना मुभा नव्हती. विरुद्ध बाजूला विमानविद्येत जगप्रसिद्ध झालेली जॅकलिन कॉक्रन होती. एल सेंट्रोच्या मतदान केंद्रात कापडी पडद्याआड उभ्या असलेल्या एखाद्या मारिया सिंगच्या हातात त्या दिवशी आली ती मतपत्रिका. तीत एका ठिकाणी विचारले होते की परदेशीयांच्या जमिनीविषयीचा कायदा रद्द करावा काय, आणि दुसऱ्या ठिकाणी, ज्यावर फुली करायची त्या चौकोनापाशी, ठळक छापलेले नाव होते डी. एस. सौंद.